गर्दीतली मोकळी जागा

आईला थांबवता येणारा टीव्ही हवा होता.

आई सहसा काही मागत नाही. चष्म्याची काडी तुटली तरी दोरा गुंडाळून चालवेल, पण तोंडातून शब्द काढणार नाही. म्हणून एका रविवारी सकाळी मी भाजी निवडत असताना ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "अगं, टीव्हीला थांब म्हटलं की तो थांबेल, असं काही करता येतं का? आणि मागे जा म्हटलं की मागे जाईल?" तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"येतं की," मी म्हणाले. "मालिका चुकते का तुझी?"

"हो," आई म्हणाली. जरा जास्तच पटकन.

मी इस्पितळात क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ आहे. यंत्रांशी माझं माणसांपेक्षा बरं जमतं, असं आमचे डॉक्टर म्हणतात आणि त्यात फारसं खोटं नाही. त्या सुमारास विभागात नवे संगणक आले होते आणि जुने कोपऱ्यात धूळ खात पडले होते. वरिष्ठांना विचारून त्यातला एक मी घरी आणला. कॅबिनेट उघडून आधी वर्षानुवर्षांची धूळ ब्रशने काढली. मेमरी वाढवली, मोठी हार्ड डिस्क बसवली. मग टीव्हीचं चित्र संगणकात घेणारं ट्यूनर कार्ड, तळहाताएवढी हिरवी पट्टी. तिच्या एका टोकाला केबलची वायर फिरवून घट्ट करायची. पंखा फार घरघरायचा, तो काढून हळू फिरणारा आणला. रिमोटचा इशारा ओळखणारा वाटाण्याएवढा काळा डोळा पुढच्या जाळीत चिकटवला.

सॉफ्टवेअरने मात्र माझा घामटा काढला. चित्र आलं तर आवाज नाही, आवाज आला तर माणसं हिरवी. घरभर स्क्रू आणि वायरींचे तुकडे पडलेले असायचे. आई त्यांतून पाय उचलून उचलून चालायची, पण एरवी चमचा जागेवर नसला तरी बोलणारी बाई एकदाही कुरकुरली नाही. शेवटी एका दुपारी बातम्या देणारी बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबली. मी तिला मागे नेलं, पुढे आणलं, पुन्हा थांबवलं. आईने रिमोट माझ्याकडून दोन्ही हातांनी घेतला.

"आता हे खोकं सगळं साठवून ठेवेल?"

"सांगशील ते."

"सगळंच साठव," आई म्हणाली.

ती मालिका बघत नाही, हे माझ्या लवकरच लक्षात आलं. पडद्यावर नायिका हमसून हमसून रडत असायची आणि आई तिला थांबवून तिच्या खांद्यामागचा रस्ता बघत बसायची. फळवाला, बसची रांग, सायकल ढकलत जाणारा कुणीतरी. एकेक चेहरा पाहून झाला की मग नायिकेला रडायची परवानगी मिळायची.

मला एक धाकटा भाऊ आहे. 'होता' म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. आई त्याला सोन्या म्हणते. कॉलेजात असताना एका दुपारी तो सायकलची सैल झालेली चेन घट्ट करून आणायला गेला. दारातून "आलोच" म्हणाला. आई शिवणयंत्रावर होती, तिने मानही वर केली नाही. दुकानदाराने नंतर सांगितलं, तो आला होता, चेन घट्ट करून घेतली आणि शीळ घालत घराच्या दिशेने गेला. दुकान आणि आमचं घर यांच्यामध्ये एक वळण आहे. बस, तेवढंच.

भांडण नव्हतं, नापास झाला नव्हता, कुणी मुलगी नव्हती. वडील त्याआधीच गेले होते, त्यामुळे पोलीस चौकी, इस्पितळं आणि जिथे मन घट्ट करून जावं लागतं त्या थंड खोल्या, सगळीकडे मीच जाऊन आले. सायकलसुद्धा सापडली नाही. पुढे कधीतरी एका मोर्चाच्या बातमीत आईला तो ओझरता दिसल्यासारखा वाटला. दिसला म्हणेपर्यंत चित्र पुढे सरकलं होतं. तेव्हापासून ती टीव्हीतली गर्दी बघत आली होती, आणि ती गर्दी कधी तिच्यासाठी थांबली नव्हती.

खोकं सुरू होऊन काही आठवडे झाले असतील. मी कामावरून आले तर आई टीव्हीच्या अगदी जवळ, जमिनीवर बसलेली. पडद्यावर होडीच्या धक्क्याची बातमी थांबवलेली होती. वादळामुळे होड्या बंद होत्या, सामानावर बसून लोक खोळंबले होते. डाव्या कडेला, एका जाड बाईच्या पलीकडे, एक माणूस पाठमोरा उभा होता.

"खांदा बघ," आई म्हणाली.

लहानपणी तो भिंतीवरून पडला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं, ते जुळताना थोडं आखूड जुळलं. डावा खांदा त्यामुळे आत आणि खाली राहिला. शर्ट त्या बाजूला नेहमी घसरल्यासारखा दिसायचा. पडद्यावरच्या माणसाचा शर्टही तसाच दिसत होता.

"आई, असे खांदे मी रोज बघते."

"असे?"

आमच्या कामात पहिला धडा हाच असतो, की चित्रात आहे तेवढंच बघायचं, आपल्याला हवं ते नाही. मी रिमोट घेतला आणि चित्र पुढे नेलं. तो माणूस शेजारच्या बाईला हातातलं काहीतरी दाखवत होता. बाईने वाकून पाहिलं, मान हलवली. तो पुढच्या माणसाकडे वळला. तिथे बातमी संपली.

त्यानंतर तो स्टेडियमच्या दाराशी दिसला. तिकिटांच्या रांगेतून उलटा चालत, प्रत्येकापुढे क्षणभर थांबत. मग एका बाजाराच्या बातमीत, मग एका प्रदर्शनाच्या गेटवर. चेहरा कधी येत नसे. कधी छत्री आड, कधी खांब, कधी कुणाचं डोकं. पण चाल ओळखू येत होती. मोठी पावलं टाकायची आणि मधेच एक लहान, असं तो चालायचा. मला ते आठवत नव्हतं. पडद्यावर पाहिल्यावर आठवलं, आणि मग मला स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभं राहावं लागलं.

आता मलाही घाई झाली. माझी शाळेपासूनची मैत्रीण एका वाहिनीत बातम्यांचं संकलन करते. धक्क्याची बातमी तिच्याच वाहिनीची होती. मूळ चित्रण बरंच लांब असतं, त्यात चेहरा मिळेल, निदान बातमीदाराला काही आठवत असेल, म्हणून मी सुट्टी टाकून तिच्याकडे गेले. आईला सांगितलं नाही. तिच्या आशेला आणखी खतपाणी घालायचं नव्हतं.

मैत्रिणीने मला आपल्या शेजारी बसवलं, चहा मागवला आणि चित्रण लावलं. होड्या, सामान, जाड बाई.

"थांब, इथे," मी म्हणाले.

तिथे कुणी नव्हतं.

"कोण हवंय तुला?" मैत्रिणीने विचारलं.

मी बोटाने जागा दाखवली. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, माणसं एकमेकांच्या पिशव्यांवर रेललेली होती. पण जाड बाईच्या पलीकडे एका माणसाची जागा मोकळी होती. मैत्रिणीने चित्र पुढे सरकवलं. बाईने पिशवी उचलून जवळ घेतली, वाट दिल्यासारखी. मग ती थोडी वाकली, समोरच्या मोकळ्या हवेकडे पाहिलं आणि मान हलवली.

"माशी असेल," मैत्रीण म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "बरं वाटत नाहीये का तुला?"

घरी आले ती थेट स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. यंत्र कधी कधी चित्रात नसलेली सावली घालतं. आमच्याकडेही होतं ते, आणि त्याचं कारण नेहमी सापडतं. जुन्या चित्राचा अंश डिस्कवर राहतो, कार्ड खराब असतं, वायरीतून दुसरा सिग्नल शिरतो. मी डिस्क बदलली. कार्ड बदललं. केबलची वायर नवी ओढली. मग एका संध्याकाळी बातम्या खोक्यात साठवत असतानाच आईच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीवर त्याच बातम्या थेट पाहिल्या. रेल्वे फलाटाचं दृश्य होतं. थेट चित्रात फलाटावरची गर्दी एका जागी दुभंगत होती आणि पुन्हा जुळत होती, पाण्यात काठी फिरवावी तशी. नंतर हॉलमध्ये येऊन खोक्यातलं लावलं. त्या जागेतून माझा भाऊ चालत होता.

मी खोकं बंद केलं.

"कळलं तुला?" मागून आईने विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"थेट बघताना तो नसतो, हे पहिल्याच दिवशी कळलं मला. तुला सांगितलं असतं तर तू हे काढून टाकलं असतंस."

"आई, हे बरोबर नाही. असं नसतं."

"नसू दे," ती म्हणाली. "मला फक्त सांग, तो लोकांना काय दाखवतोय?"

मला ते ठाऊक नव्हतं. चौकोनी काहीतरी होतं, पुठ्ठ्यावर चिकटवल्यासारखं. ते नेहमी त्याच्या शरीराआड जायचं. आई आता दिवसभर त्यासाठी बसू लागली. जेवणाचं ताट मी तिच्यासमोर ठेवायचे आणि तसंच उचलायचे. ती वाळत चालली होती, आणि तरी तिच्या चेहऱ्यावर इतकं तेज मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "आज केस कापलेत त्याने," मी दारातून आत शिरताच ती सांगायची. "आज स्वेटर नव्हता. तिकडे थंडी दिसत होती, आणि हा आपला नुसत्या शर्टावर." ओरडायला मुलगा समोर नसला, तरी ती त्याला ओरडायची.

मीसुद्धा, खरं सांगायचं तर, बसने परत येताना आज कुठे दिसला असेल याचाच विचार करायचे.

मग आमच्या शहरातल्या नव्या पुलाचं उद्घाटन ठरलं. स्थानिक वाहिनी ते थेट दाखवणार होती. पूल आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा आहे.

"मी जाते," आई म्हणाली.

"तो तिथे नसेल आई. आपण पाहिलंय ना, तिथे नुसती जागा असते."

"मग त्या जागेशेजारी उभी राहीन."

तिने केस नीट विंचरले, ठेवणीतला निळा स्वेटर घातला. जिना उतरताना ती कठड्याला धरून उतरते, त्या दिवशी धरलं नाही. मी घरी थांबले, कारण खोक्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं.

लख्ख ऊन होतं. खोकं साठवत होतं आणि मी छोट्या टीव्हीवर थेट बघत होते. पुलाचं पांढरं काँक्रीट डोळ्यांना टोचत होतं. फीत, भाषणं, बॅंड. कॅमेरा गर्दीवरून हळूहळू फिरला आणि मला निळा स्वेटर दिसला. आई कठड्याजवळ उभी होती. दोन्ही बाजूंनी लोक तिला रेटत होते. ती टाचा उंचावून इकडेतिकडे बघत होती. इतकी लहान दिसत होती ती. घरात ती मला कधी लहान वाटली नव्हती.

मग तिच्या डावीकडचे लोक थोडे सरकले. एका माणसाची जागा झाली.

आईने त्या जागेकडे पाहिलं. तिने हात पुढे केला, आणि हवेतच धरून ठेवला.

कॅमेरा पुढे गेला.

आई परत आली तेव्हा मी खोक्यातलं अजून लावलं नव्हतं. एकटीने लावायची हिंमत झाली नव्हती. ती खुर्चीत टेकली, पाणी प्यायली.

"जागा होती," ती म्हणाली. "इतकी गर्दी, पण तिथे कुणी उभं राहत नव्हतं. हात लावून पाहिला. काही नाही."

मी रिमोट उचलला.

पूल, फीत, बॅंड. कॅमेरा गर्दीवरून फिरला. कठड्याजवळ तो होता.

निळा स्वेटर नव्हता. आई जिथे उभी होती तिथे एक जागा मोकळी होती. दोन्ही बाजूंनी लोक रेटत होते, आणि तिथे कुणी शिरत नव्हतं.

"मी कुठे गेले?" आईने विचारलं.

तो टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याला पुठ्ठा दाखवत होता. म्हाताऱ्याने मान हलवली. मग माझा भाऊ थबकला. त्याने त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, बराच वेळ. काहीतरी ऐकू आल्यासारखं.

मग त्याला कॅमेरा दिसला. तो वळला, आणि पुठ्ठा दोन्ही हातांनी छातीपुढे धरला.

मी चित्र थांबवलं.

चेहरा त्याचाच होता. कपाळावरचे केस वडिलांसारखे मागे गेले होते. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. तो दमलेला दिसत होता. फार दमलेला.

पुठ्ठ्यावर आमचा फोटो होता.

आम्हा तिघांचा, आमच्या हॉलच्या भिंतीवर आहे तोच. त्यातून त्याने स्वतःला कापून टाकलं होतं. आई आणि मी उरलो होतो, आणि माझ्या खांद्यावर त्याची चार बोटं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: बेपत्ता. खाली, आई आणि मुलगी. आमची त्या वेळची वयं. कुणाला दिसल्यास कृपया कळवा.

खोक्याचा पंखा हळू फिरत होता. मग आईने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं ती रडतेय. पण ती रडत नव्हती.

"म्हणजे तो आला होता गं," ती म्हणाली. "त्या दिवशी. चेन घट्ट करून तो घरी आला होता."

ओळींच्या खाली आणखी काही होतं. अक्षरं पुसट होती. एकेक चित्र पुढेमागे करत मी ते आकडे जुळवले. तो आमच्याच घरातल्या जुन्या फोनचा नंबर होता. तो फोन अजून हॉलमध्ये खिडकीजवळच्या स्टुलावर आहे. आई तो बंद करू देत नाही, का ते सांगायला नको.

"लाव," आई म्हणाली.

"आई, तो इथेच वाजेल."

"लाव तरी."

मी मोबाइलवरून नंबर लावला. स्टुलावरचा फोन वाजला नाही. तो तिथे, आमच्यापासून हातभर अंतरावर, गप्प होता. माझ्या कानात मात्र घंटा जात होती. स्पष्ट, एकसारखी. एखाद्या रिकाम्या घरात वाजावी तशी. कुणी उचलला नाही.

आईने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि घंटा बंद होईपर्यंत कानाला लावून ठेवला.

"बाहेर असेल," ती म्हणाली. "आपल्याला शोधायला गेला असेल."

त्याला आता बरेच दिवस झाले. खोकं चालू आहे, पण आई हल्ली त्याच्यासमोर फारशी बसत नाही. ती वेळेवर जेवते. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला ती नंबर लावते आणि घंटा ऐकत बसते. मला कधी कधी वाटतं, तिला एवढंही पुरेल. आपण आता जिथे आहोत तिथून त्या घरात निदान आवाज तरी पोचतोय. मी तिच्याशेजारी शिवण घेऊन बसते.

काल संध्याकाळी तिने नंबर लावला आणि ताठ बसली. मग मोबाइल माझ्या कानाशी धरला.

फोन एंगेज होता.

मी स्टुलाकडे पाहिलं. रिसीव्हर जागेवर होता.

"कुणीतरी केलाय त्याला फोन," आई म्हणाली. तिचा आवाज आनंदाने कापत होता. "आपण कुणाला तरी दिसलोय वाटतं."